गावरान राखावे लागते

आश्विन शुद्ध प्रतिपदा जवळ आली की महाराष्ट्रात परड्या निघतात. परडीत नाहीतर पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा असे घरात असतील ते पाच-सात प्रकारचे दाणे पेरायचे, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवायचा आणि रोज एक माळ सोडायची. नवव्या माळेपर्यंत घटाभोवती वीतभर पोपटी-पिवळे अंकुर उभे राहतात. दसऱ्याला ते देवाला वाहून टोपीत, कानावर, वेणीत खोवायचे. देवीची ही पूजा शेतकऱ्याच्या घरात आणखी एक काम करते. तेव्हा रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते. घरात राखलेले बियाणे उगवणार की दगा देणार, हे रानात मूठ टाकण्याआधी परडीतच कळते. घट दाट आला की जाणती माणसे निश्चिंत होतात. विरळ आला, तर दुसरीकडून बियाण्याची तजवीज करायला अजून थोडे दिवस हातात असतात.

यंदा उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातल्या मराठी घरांतही घट बसतील. इथे काळी माती नाही. अंगणात खणले तर कोकणातल्या जांभ्यासारखी तांबडी, खडेमिश्रित जमीन लागते. आकाशही आपल्या ओळखीच्या आश्विनाचे नाही. मे महिन्यापासून निळेभोर आणि कोरडे असलेले हे आकाश सप्टेंबर सरता सरता जड होऊ लागते. ढग जमतात, गडगडतात, पाऊस काही पडत नाही आणि अंगावरचा घाम वाळत नाही. या दिवसांना इथे ‘बिल्ड-अप’ म्हणतात. त्यामागून येणारा पावसाळा एप्रिलपर्यंत चालतो. वर्षाला साधारण १,७०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा याच महिन्यांत. म्हणून डार्विनमध्ये परसातल्या भाजीचे बी राखणाऱ्याला घटस्थापना ही मुदतीची तारीख आहे. कोरड्या महिन्यांत धरलेले बी या सुमारास कडकडीत वाळून हवाबंद झालेले असावे लागते, कारण पुढचे सहा महिने इथली हवाच बियाण्याची वैरीण असते. परडीतल्या अंकुरांची आणि बाटलीतल्या बियांची गाठ या शहरात इतकी नेमकी पडते, म्हणूनच या सणाच्या निमित्ताने बियाण्याविषयी चार गोष्टी बोलणे आम्हाला अगत्याचे वाटते.

डार्विनचे हंगाम आपल्या सवयीच्या उलटे आहेत, पण आपल्या तिथ्या इथे अगदीच परक्या ठरत नाहीत. महाराष्ट्रात अक्षय्य तृतीयेला आळी करून दुधी, दोडका, भोपळ्याचे बी टोचतात, कारण मृगाचा पाऊस महिना-दीड महिन्यावर आलेला असतो. डार्विनमध्ये तीच तिथी पाऊस संपताना येते. एप्रिलअखेरच्या वादळी सरी माणसापेक्षा उंच वाढलेले भालागवत आडवे करून जातात. त्या वादळांना इथले लोक ‘नॉक-एम-डाउन’ म्हणतात. ही भूमी मुळात ज्यांची, त्या लराकिया लोकांच्या ऋतुमानातही हा काळ भालागवतावरून आणि मॅगपाय हंसांच्या अंड्यांवरून ओळखला जातो. टोमॅटो, कोथिंबीर, मेथी यांचा खरा हंगाम तिथून सुरू होतो. आजीने शिकवलेली तिथी इथेही चुकत नाही, तिचे कारण तेवढे बदलते.

वालाचेही असेच आहे. दिवस लहान होऊ लागले की वाल फुलावर येतो. महाराष्ट्रात हे पावसाळा उलटून थंडी पडताना घडते, इथे मे-जूनमध्ये. मग त्याच्या शेंगा जुलै-ऑगस्टच्या कोरड्या वाऱ्यात वेलावरच खडखडीत वाळतात. बी धरायला याहून चांगले हवामान मागूनही मिळणार नाही. ज्या वालाचे बिरडे आपण प्रेमाने खातो, तोच वाल उत्तर ऑस्ट्रेलियात ‘लॅबलॅब’ या नावाने गुरांच्या चाऱ्यासाठी पेरतात. म्हणजे या मातीला त्याची ओळख नव्याने करून द्यायची नाही.

तरीही बी हवे झाले की परदेशातल्या मराठी घराची पहिली नजर जाते ती भारतातून येणाऱ्या बॅगेकडे. सासूबाईंनी रुमालाच्या कोपऱ्यात बांधून दिलेले घोसाळ्याचे बी, शेजारच्या काकूंनी पुडीत घालून दिलेला पावटा. त्यामागची माया आम्ही जाणतो. पण हा रस्ता बंद आहे आणि तो बंद असणेच योग्य आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियात उतरताना सोबतचे प्रत्येक बी जाहीर करावे लागते. खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने २०२० पासून तांदूळ, हरभरा, मूग, तूर, चवळी, धने, जिरे, भोपळावर्गातले बी अशा कितीतरी गोष्टी प्रवाशाने सामानातून किंवा टपालाने आणण्यावर बंदी आहे. हा किडा मूळचा भारतीय उपखंडातला. त्याच्या अळ्या अन्नाचा कण न मिळता फटीत वर्षानुवर्षे तग धरतात. धान्याच्या निर्यातीवर ज्या देशाचे पोट आहे, त्याने अशा पाहुण्याला दारातच अडवले, तर त्याला कोण नावे ठेवील?

डार्विनच्या मुलखाने तर बियाण्यातून येणाऱ्या रोगाची झळ प्रत्यक्ष सोसली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीतल्या कलिंगडाच्या शेतांत ‘क्युकम्बर ग्रीन मॉटल मोझॅइक’ हा विषाणू सापडला. ऑस्ट्रेलियात तो त्याआधी कधी आढळला नव्हता. माणसाला त्याचा अपाय नाही, पण काकडी, कलिंगड, दुधी, भोपळा या साऱ्या कुळाला तो ग्रासतो. एका रोगट पानाला लागलेला हात दुसऱ्या वेलाला लागला तरी तो पसरतो आणि बियाच्या आत बसून पुढच्या वर्षात जातो. डार्विन आणि कॅथरीनच्या परिसरातली शेते विलग करण्यात आली, उभी पिके नष्ट करावी लागली. अखेर २०१६ मध्ये मान्य करावे लागले की हा रोग आता समूळ जाणार नाही, त्याला सांभाळूनच शेती करावी लागेल. परदेशातून येणाऱ्या भोपळावर्गीय बियाण्याच्या मोठ्या खेपेतून ९,४०० बियांचा नमुना तपासण्याचा नियम त्या संकटातूनच आला. हजारो निरोगी बियांत एखाद-दुसरे रोगट निघाले तरी घात होतो, म्हणून आकडा एवढा मोठा. हा विषाणू कोणाच्या हातून आला, याचा दोष आम्ही कोणालाही देत नाही. एवढेच म्हणतो, की रुमालातल्या मूठभर बियांची तपासणी कोणीच केलेली नसते.

मग इथल्या मराठी घरांनी गावरान चवीवर पाणी सोडायचे का? मुळीच नाही. मात्र त्यासाठी गावरान या शब्दाकडे पुन्हा एकदा नीट पाहावे लागेल. आपण ज्याला अस्सल गावरान म्हणतो, त्यातले किती मूळचे आपले? मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, भुईमूग ही सगळी अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागू लागली. चवळी आणि दुधी यांची मुळे आफ्रिकेत. विदर्भातली भिवापुरी मिरची आणि साताऱ्याकडचा, कोरेगावचा वाघ्या घेवडा यांना आज भौगोलिक मानांकन आहे. त्या त्या मातीची ती ओळख झाली आहेत. पण मिरचीचे आणि या घेवड्याचे पूर्वज सातासमुद्रापलीकडून आलेले. मग ते इतके आपले कसे झाले? कोणीतरी दरवर्षी त्याच गावात, त्याच बांधावर त्यातले चांगले झाड हेरले, त्याचे फळ खायचा मोह टाळला, बी धरले आणि पुढच्या वर्षी तिथेच पेरले. जे त्या पावसाला, त्या किडीला, त्या उन्हाला टिकले ते पुढे गेले, न टिकलेले मागे राहिले. अशा पन्नास-शंभर पावसाळ्यांनंतर त्या बियाला गावाचे नाव लागले. गावरान हा वाणाचा जन्म नव्हे, ती त्याची कमाई आहे, आणि ती राखणाऱ्याच्या हातून होते.

हे एकदा मनात बसले की डार्विनचेही गावरान होऊ शकते, हे पटायला वेळ लागत नाही. दर रविवारी रॅपिड क्रीकच्या बाजारात भेंडी, कारली, लांब चवळीच्या जुड्या, दुधी यांचे ढीग लागतात. हंप्टी डू आणि आसपासच्या मळ्यांत व्हिएतनामी आणि इतर आशियाई कुटुंबे या भाज्या पिकवतात. आपल्या भाज्या या हवेत होतात की नाही, हा प्रश्न त्यांनी आपल्यासाठी सोडवून ठेवला आहे. ऑस्ट्रेलियातल्या विक्रेत्यांकडे यांचे रीतसर बी मिळते. तिथून सुरुवात करावी. पाकिटावरचे पेरणीचे वेळापत्रक बहुधा मेलबर्न-सिडनीकडच्या चार ऋतूंचे असते, त्याच्या भरवशावर राहू नये. आणि पाकीट घेताना ते संकरित नाही एवढे पाहावे. संकरित बियाचे पहिले पीक देखणे येते, पण त्या पिकाचे बी धरले तर पुढची रोपे आईबापांपैकी कोणावर जातील, याचा भरवसा नसतो.

या कामात आपला गुरू कोण, असे कोणी विचारले तर आम्ही राहीबाई पोपेरे यांचे नाव घेऊ. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, महादेव कोळी समाजातल्या राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. घराच्या परसात त्यांनी वालाचे, घेवड्याचे, भाताचे, भाज्यांचे जुने वाण जपायला घेतले आणि ‘बाएफ’ या संस्थेच्या साथीने त्यातून बियाण्यांची बँक उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घरातली ओळीने लावलेली मडकी आणि बरण्या यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पण त्या मडक्यांच्या मागे दर हंगामाला पेरली जाणारी परसबाग आहे, ती डोळ्यांआड होऊ देऊ नये. मडक्यात बी फक्त थांबते, जगते ते मातीत.

डार्विनच्या भूमीनेही हाच धडा आपल्यापरीने दिला आहे. १९५० च्या दशकात हंप्टी डूला भातशेतीचा मोठा प्रकल्प उभारला गेला. फॉग डॅम हे धरण त्यासाठीच बांधले. पाण्याचे गणित जमले नाही, मॅगपाय हंसांचे थवे पिकावर उतरले आणि दशक संपता संपता तो डाव मोडला. आणि त्याच परिसरातल्या पाणथळ रानांत जंगली भात कोणी न पेरता युगानुयुगे उगवतो आहे. हंस तोही खातात, तरी तो आहे, कारण त्या पाण्याशी आणि त्या पाखरांशी त्याचा हिशेब फार पूर्वीच जुळला आहे. या मुलखाशी आपले दूरचे नातेही आहे. रस्त्याच्या कडेला उभे असलेले भालागवत हे ज्वारीच्या कुळातले. तुरीची रानटी भावंडे जगात सर्वाधिक आढळतात ती भारताच्या आसपास आणि उत्तर ऑस्ट्रेलियात. घाईने आणलेले इथे हरले, थांबून रुजलेले टिकले.

आता प्रत्यक्ष बी राखण्याविषयी. बी राखणे म्हणजे मुख्यतः ते वाळवणे. बी जिवंत असते, मंदपणे श्वास घेत असते. त्याच्यात जितका ओलावा आणि जितकी ऊब, तितके ते लवकर म्हातारे होते. कॅलिफोर्नियातले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी याचे सोपे ठोकताळे सांगितले. बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीचे तापमान पाचएक अंश सेल्सिअसने उतरले की पुन्हा दुप्पट. आणि फॅरनहाइटमधले तापमान व हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत असावी. ही बेरीज डार्विनमध्ये करून पाहा. जानेवारीत घरातली हवा ८४ अंश फॅरनहाइट आणि आर्द्रता ७५ टक्के धरली तर बेरीज १५९ होते. स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेले बी पावसाळ्यात का मरते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. उलट जून-जुलैच्या दुपारी आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. तेव्हा वाळवलेले बी घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये, म्हणजे ४१ अंशांवर ठेवले, तर बेरीज ८०-८५ वर येते. कोरडे महिने बी वाळवून देतात, फ्रिज ते थंड ठेवतो. डार्विनमध्ये या दोन्हीपैकी एकावर भागत नाही.

आमच्याच घरचा अनुभव सांगतो. पहिल्या वर्षी भेंडीचे बी ऑक्टोबरात काढले, चार दिवस पसरून ठेवले, हाताला कोरडे लागले म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात भरून कपाटात ठेवले. फेब्रुवारीत डबा उघडला तर कुबट वास आला आणि बियांवर करडी बुरशी धरलेली होती. मूठभर पेरून पाहिले, एकही कोंभ वर आला नाही. हाताला कोरडे लागणे आणि बी वाळलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळले. पुढच्या वर्षी जुलैतच दोन झाडांवर प्रत्येकी चार बोंडांना लाल चिंधी बांधली, जशी गावाकडे बियाला ठेवलेल्या भोपळ्याला बांधतात, म्हणजे भाजी तोडताना कोणाचा हात तिकडे जात नाही. बोंडे झाडावरच तपकिरी झाली, शिरांवर उकलली. बी काढून आठवडाभर सावलीत, वाऱ्याला, सुपात पसरले. रणरणत्या उन्हात पत्र्यावर टाकले तर बियातला कोंभ भाजतो, म्हणून सावली. शेवटी एक बी दाताखाली धरले, ते चेपले नाही, कट्ट करून फुटले. मग काचेच्या बाटलीत तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी, वर बी, घट्ट झाकण, चिठ्ठीवर वाण आणि तारीख, आणि बाटली फ्रिजमध्ये. मार्चमध्ये ती बाहेर काढून रात्रभर तशीच बंद राहू दिली, नाहीतर थंड बियांवर दमट हवेचे दव धरते. ओल्या कागदात दहा बिया गुंडाळल्या. आठ उगवल्या.

प्रत्येक भाजीची रीत थोडी वेगळी. दोडका आणि घोसाळे वेलावरच वाळून हलके होऊ द्यावे. हलवले की आत बिया खुळखुळतात, टोकाचे छोटेसे झाकण आपोआप गळते आणि काळ्या बिया तळहातावर ओघळतात. टोमॅटोचा बलक दोन-तीन दिवस वाटीत आंबू द्यावा, मग धुवावा. पोचट बी वर तरंगते, भरीव बी तळाशी बसते. ते बशीत पसरावे, कागदावर पसरले तर चिकटून बसते. वांग्याचे बी पूर्ण पिकून पिवळ्या पडलेल्या फळातूनच घ्यावे. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांतच संपते, टोमॅटो-वांग्याचे नीट ठेवले तर तीन-चार वर्षे चालते. आपल्या आज्या बी राखेत घोळून गाडग्यात ठेवत, गाडग्यांच्या उतरंडी लावत, मक्याची कणसे चुलीवरच्या आढ्याला टांगत. राख ओल शोषते आणि किडीला रोखते, धूर कणसाला कोरडे ठेवतो. हॅरिंग्टनचा ठोकताळा त्यांना कोणी सांगितला नव्हता, पण त्यांच्या हाताला तो माहीत होता.

नवख्याने वाल, चवळी, टोमॅटो आणि भेंडी यांपासून सुरुवात करावी. यांचे परागण बहुधा फुलातल्या फुलातच होते, त्यामुळे वाण फारसा भेसळत नाही. भोपळा, दुधी, काकडी यांचे पराग मधमाश्या आणि पतंग वाहून नेतात. त्यांचा वाण शुद्ध राखायचा, तर फूल उमलण्याआधी बांधून हाताने परागण करावे लागते. दुधीची पांढरी आणि दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात, घोसाळ्याची पहाटे. त्या वेळी जागेवर हजर राहणे हेच यातले निम्मे कौशल्य. आणि या वर्गाचे बी धरताना २०१४ विसरू नये. पानांवर हिरवे-पिवळे ठिपके किंवा वळ्या दिसल्या, तर त्या वेलाचे बी अजिबात धरू नये. हात आणि कात्री धुवावी. टेरिटरीबाहेर बी पाठवण्यापूर्वी तिथले नियम पाहावेत. बी राखणाऱ्याच्या हातून रोग राखला जाऊ नये, ही या कामातली पहिली शिस्त आहे.

कायद्याची धास्ती मात्र नको. भारतात २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या कायद्यात संरक्षित वाणांच्या विक्रीला बंधने आहेत, पण स्वतःच्या परसात स्वतःसाठी केलेली लागवड गुन्हा ठरत नाही. या देशातही बी राखणाऱ्यांची परंपरा आहे. ज्यूड आणि मिशेल फँटन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सीड सेव्हर्स नेटवर्क’ने ऑस्ट्रेलियाभरच्या परसबागांतले वाण हातोहात फिरते ठेवले. आपण त्या रांगेत उभे राहायचे आहे.

एकट्या घराने हे काम निभत नाही, कारण एकाच झाडाचे बी वर्षानुवर्षे धरले तर वाण कमजोर होतो आणि चिंचोळ्या अंगणात पाच वाण वेगळे ठेवता येत नाहीत. शिवाय डार्विनला संकटाची ओळख आहे. २४ डिसेंबर १९७४ च्या रात्री ट्रेसी चक्रीवादळाने हे शहर एका रात्रीत भुईसपाट केले. ६६ माणसे गेली, वनस्पती उद्यानातली बहुतेक झाडे उन्मळली. जॉर्ज ब्राउन यांनी ते उद्यान पुन्हा उभे केले, आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. जे एकाच ठिकाणी आहे ते एका रात्रीत जाऊ शकते, हे या शहराला शिकवावे लागत नाही. सीरियातल्या आलेप्पोची बियाणे बँक युद्धात अडकली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेच्या स्वालबार्ड कोठारात आधीच ठेवलेली आपली जोडप्रत २०१५ मध्ये परत मागितली, लेबनॉन आणि मोरोक्कोत ते बी पेरून वाढवले आणि २०१७ मध्ये नव्या पिकाचे बी पुन्हा कोठारात जमा केले. प्रत दुसरीकडे ठेवायची आणि वेळेवर पेरायची, एवढीच ती रीत. ती पाच घरांनाही जमते.

म्हणून डार्विनमधल्या मराठी घरांपुढे आमचे मागणे साधे आहे. एक घर, एक वाण. कोणी वाल घ्यावा, कोणी भेंडी, कोणी वांगे, कोणी चवळी. तो वाण त्या घराची जबाबदारी. दरवर्षी त्या घराने तो पेरावा, त्यातली सर्वांत निरोगी पाच-दहा झाडे बियाला राखावीत, बी वाळवावे आणि एक बाटली दुसऱ्या घरी द्यावी. चिठ्ठीवर वाणाचे नाव, साल आणि कोणाच्या अंगणातले हे लिहावे. पाच वर्षांनी या बाटल्यांतले बी पाकिटातल्या बियाहून वेगळे झालेले असेल. बिल्ड-अपचा उकाडा आणि जांभ्याची माती त्याला ठाऊक झालेली असेल. इथे वाढणाऱ्या मुलांना गावरान दाखवायचे, तर त्यांना विमानाने न्यायची गरज पडणार नाही. मागच्या दारी नेले की पुरे.

यंदा घट बसवताना परडीत दुकानातल्या गहू-ज्वारीसोबत आपल्या अंगणातल्या बाटलीतल्या दहा बिया एका कोपऱ्यात मोजून पेरा. नवव्या माळेला किती उगवल्या, ते मोजा आणि चिठ्ठीवर लिहा. आठ किंवा त्याहून अधिक उगवल्या असतील, तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि एप्रिलची वाट पाहा. कमी उगवल्या असतील, तर या वर्षी वाळवण्यात कसूर राहिली असे समजा आणि पुढच्या जुलैत चिंधी लवकर बांधा.